सायकल ट्रॅक असताना सायकलवाला रस्त्यावर का?

प्रश्न : मी रोज धनकवडीहून स्वारगेटकडे चारचाकीने कामाला जातो. सातारा रस्त्याच्या कडेला सायकल ट्रॅक बांधलेला आहे, त्यावर जनतेचा पैसा खर्च झाला आहे. तरीही सायकलवाले मुख्य रस्त्यावरून, बस आणि रिक्षांच्या मधून सायकल चालवतात. त्यांच्या मागून गाडी नेताना जीव मुठीत धरावा लागतो, आणि काही झाले तर दोष मोठ्या गाडीवाल्यावरच येतो. दुचाकीवाल्याला हेल्मेट सक्तीचे, आम्हाला सीटबेल्ट सक्तीचा. मग जिथे ट्रॅक आहे तिथे सायकलवाल्याने ट्रॅकवरूनच जावे, अशी सक्ती का नाही? परदेशात ती असते म्हणतात. हे खरे आहे का? आपल्याकडे ती का आणू नये?

— एक वाचक, पुणे

उत्तर : काही देशांत सक्ती आहे, हे खरे. आपल्याकडे ती आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आज जे ट्रॅक आहेत त्यांच्या भरवशावर तर मुळीच आणू नये.

आधी कायद्याचे पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ कशाला म्हणायचे याची व्याख्या आहे आणि पायडल मारून चालवायची सायकल त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून तिला परवाना नाही, नोंदणी नाही, नंबर प्लेट नाही. ट्रॅक असेल तर सायकलने त्यावरूनच गेले पाहिजे, असे केंद्राचा कुठलाही नियम सांगत नाही. ट्रॅकबद्दलचा जो नियम आहे तो मोटार चालवणाऱ्यांसाठी आहे. १९८९ च्या रस्ते नियमावलीपासून पदपथावर आणि सायकलींसाठी राखलेल्या पट्ट्यावर गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीशिवाय मोटार वाहन नेण्यास मनाई आहे. २०१७ मध्ये ही नियमावली नव्याने आली, तेव्हाही ती मनाई कायम राहिली. म्हणजे ट्रॅकच्या बाबतीत सक्ती आजही आहे, फक्त ती तुमच्या-माझ्यावर आहे. ती किती पाळली जाते हे कर्वे रस्त्यापासून सोलापूर रस्त्यापर्यंत कुठेही संध्याकाळी सहा वाजता उभे राहून पाहावे. सिग्नलला गर्दी झाली की दुचाक्यांची रांगच्या रांग ट्रॅकवर चढते.

आता परदेशाकडे वळू. नेदरलँड्समध्ये निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल दिसली की सायकलवाल्याने त्या मार्गावरूनच जायचे, रस्ता वापरायचा नाही. शर्यतीची सायकल घेऊन जोरात जाणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. डेन्मार्कमध्येही सक्ती आहे. हे ऐकून आपल्याकडचा मोटारवाला म्हणतो, बघा, सायकलींच्या माहेरघरातही सक्ती आहे! पण त्याच नेदरलँड्समध्ये दुसरी, आयताकृती पाटीही असते आणि ती असलेला सायकलमार्ग वापरायचा की नाही हे सायकलवाल्याने ठरवायचे असते. शहरातल्या असंख्य गल्ल्यांत तर वेगळा ट्रॅकच नसतो. तिथे मोटारींचा वेग ताशी ३० किलोमीटरवर बांधलेला असतो आणि सायकली रस्त्याच्या मधून निर्धास्त जातात. काही रस्ते असे आहेत की तिथे मोटार ही पाहुणी आहे असे पाटीच सांगते. म्हणजे डच पद्धतीचा गाभा सक्तीत नाही. जिथे वेग जास्त तिथे सायकल वेगळी काढायची आणि जिथे ती वेगळी काढता येत नाही तिथे मोटारीचा वेग उतरवायचा, हा तो गाभा. १९९९ च्या डिसेंबरात त्यांनी मोपेडनाही शहरांतल्या बहुतेक सायकलमार्गांवरून काढून रस्त्यावर आणले, कारण त्यांच्यामुळे सायकलवाल्यांना त्रास होत होता. आपल्याकडे ट्रॅकवर बुलेट चढते आणि आपण सायकलवाल्याला दटावतो.

हे डच लोकांना आपोआप सुचलेले नाही. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असे म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांनी चौक अडवले. आज जे मार्ग आपण फोटोत पाहतो त्यांच्यामागे तो संताप आहे. तिथला सायकलवाला सक्ती निमूट पाळतो, कारण त्या मार्गावरून जाणे त्याच्याच सोयीचे असते. रुंद, सलग, गुळगुळीत, चौकात त्याला आधी जाऊ देणारा मार्ग सोडून तो रस्त्यावर कशाला येईल?

सक्तीचा खरा इतिहास पाहायचा तर जर्मनीत पाहावा. तिथे १९३४ च्या वाहतूक नियमांनी सायकलमार्ग असेल तर तो वापरणे देशभर बंधनकारक केले. नाझी राजवट होती, मोटारीकरणाची घाई होती. त्या वेळी जर्मन रस्त्यांवर सायकली मोटारींहून कितीतरी जास्त होत्या आणि मोटारीला मोकळा रस्ता द्यायचा तर सायकलींना कडेला काढणे भाग होते. बोलताना सुरक्षेची भाषा होती, पण रस्ता मोकळा करून मिळाला तो मोटारीला. हा नियम राजवटी बदलल्या तरी साठ वर्षांहून अधिक काळ टिकला. १९९८ मध्ये तो सैल झाला आणि जिथे निळी गोल पाटी लावली असेल तिथेच सक्ती, बाकी ठिकाणी सायकलवाल्याची मर्जी, असे ठरले. मग पाट्यांचा सुळसुळाट झाला. रेगेन्सबुर्ग शहरातला एक सायकलस्वार अशा पाटीविरुद्ध कोर्टात गेला आणि लढत लढत थेट लाइपझिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत पोचला. नोव्हेंबर २०१० मध्ये न्यायालयाने निकाल दिला : त्या जागच्या विशेष परिस्थितीमुळे सायकलस्वाराला नेहमीपेक्षा बराच जास्त धोका असेल, तरच सक्तीची पाटी लावता येईल. धोका आहे हे दाखवण्याची जबाबदारी प्रशासनाची. त्यानंतर अनेक जर्मन शहरांतून त्या पाट्या उतरल्या. शिवाय पाटी असली तरी मार्गावर बर्फ साचला असेल किंवा गाड्या उभ्या असतील, तर रस्ता वापरायला तिथे मुभा आहे.

ब्रिटनने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. लंडनच्या वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवर १९३४ च्या डिसेंबरात तिथल्या वाहतूकमंत्र्यांनी, लेस्ली होअर-बेलिशा यांनी, सायकल ट्रॅकचे उद्घाटन केले तेव्हा सायकलस्वारांच्या संघटनेनेच विरोध केला. आज बाजूला मार्ग देतील, उद्या मुख्य रस्त्यावर बंदी घालतील, ही त्यांची भीती होती. त्या विरोधाने ब्रिटनमध्ये चांगले मार्ग व्हायला फार उशीर झाला असे मला वाटते. पण भीती निराधार नव्हती. २००६ मध्ये टेलफर्ड शहराजवळ एका सायकलस्वाराला, बाजूचा सायकलमार्ग सोडून रस्त्याने गेला आणि वाहतुकीला अडथळा केला म्हणून, शंभर पौंड दंड झाला. त्या मार्गावर पोचायला त्याला वेगाने वाहणारा दुभाजकाचा रस्ता ओलांडावा लागला असता. वरच्या कोर्टाने २००७ मध्ये त्याला निर्दोष ठरवले. त्याच सुमारास तिथल्या वाहतूक संहितेचा नवा मसुदा सायकलमार्ग ‘शक्य तिथे वापरावा’ असे सांगू पाहत होता. देशभरच्या सायकलस्वारांनी आपापल्या खासदारांना पत्रे लिहिली आणि मसुदा बदलायला लावला. सायकलमार्ग वापरणे बंधनकारक नाही, ही भूमिका तिथे आजही कायम आहे.

एवढे वाचून तुम्ही विचाराल की कायदा काहीही असो, ट्रॅकवरून जाणे सुरक्षित असताना माणूस जीव धोक्यात का घालतो? तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ‘ट्रॅक म्हणजे सुरक्षित’ हे आपण गृहीत धरून चालतो.

सायकलवाल्याला सरळ रस्त्यावर मागून धडक बसण्याची भीती सर्वांत जास्त वाटते, पण त्याच्यासाठी घाताची जागा बहुतेकदा चौक असते, किंवा जिथे गल्ली, सोसायटीचे फाटक, पेट्रोल पंप रस्त्याला मिळतो ती जागा. आपण डाव्या बाजूने चालतो. ट्रॅक रस्त्याच्या डाव्या कडेला, बऱ्याचदा झाडांच्या आणि उभ्या गाड्यांच्या पलीकडे असतो. मोटारवाला डावीकडे वळतो तेव्हा त्या ट्रॅकला आडवा जातो. सायकलवाला सरळ जाणारा असतो, पण मोटारवाल्याच्या नजरेत तो मागच्या शंभर मीटरांत आलेलाच नसतो. उभ्या टेम्पोमागून तो अचानक प्रकट होतो. रस्त्यावर, मोटारीच्या पुढे असलेला सायकलवाला कदाचित अडचणीचा वाटेल, पण तो दिसतो. दिसणे हेच त्याचे कवच असते. डच अभियंते म्हणून ट्रॅकपेक्षा चौकावर जास्त मेहनत घेतात. कोपऱ्यावर छोटे बेट ठेवतात, म्हणजे मोटारीला वळण काटकोनात घ्यावे लागते, ती हळू होते आणि सायकल तिच्या समोर येते. सायकलचा मार्ग तिथे उंच उचलून नेतात. आपल्याकडे चौक आला की ट्रॅक संपतो. जिथे त्याची खरी गरज सुरू होते नेमके तिथे!

पुण्याचेच पाहा. २००६ च्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटीचा पहिला प्रयोग सुरू झाला आणि त्याच्या जोडीने सायकल ट्रॅक आले. तुम्ही ज्या ट्रॅकबद्दल लिहिता तो त्याच काळातला. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे आठशे किलोमीटरच्या जाळ्याची कल्पना होती आणि आराखडा म्हणून ते काम चांगले आहे. प्रत्यक्षात मात्र आपल्या शहरांत सायकल ट्रॅक म्हणजे बहुधा पदपथाचा रंगवलेला तुकडा. वर पेव्हर ब्लॉक, त्यातले चार बसलेले, दोन उखडलेले. मध्ये विजेचा डीपी, पुढे बसथांबा, मग चेंबरचे वर आलेले झाकण, मग वडापावची गाडी. चढायला उतार आहे तर उतरायला नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातला ट्रॅक वर्षानुवर्षे पार्किंगने आणि दुचाक्यांनी व्यापलेला राहिला, आणि अखेर २०२५ मध्ये मोटारींसाठी जागा हवी म्हणून तो काढायचे ठरले. ट्रॅक कोणी वापरत नाही, असे कारण अशा वेळी दिले जाते.

आपल्या देशाला मानके ठाऊक नाहीत अशातला भाग नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल ट्रॅकची शिफारस १९६२ मध्येच लिहून ठेवली. ट्रॅक किमान दोन मीटर रुंद असावा. तासाला दोनशेहून जास्त मोटारी जात असतील, तर गर्दीच्या वेळी तासाला शंभर सायकली असल्या तरी वेगळा ट्रॅक योग्य ठरतो. २०१५ मध्ये हे मानक सुधारूनही झाले. साठ वर्षे कागदावर असलेले दोन मीटर रस्त्यावर सलग मिळत नाहीत, याचा जाब सायकलवाल्याला विचारायचा की बांधणाऱ्याला?

तुम्ही हेल्मेटचा दाखला दिला आहे, तो नीट तपासू. हेल्मेट विकत घेणे दुचाकीवाल्याच्या हातात असते. शिवाय सरकारने नुसती सक्ती करून हात झटकले नाहीत. १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे यावर बंदी आली. जी वस्तू डोक्यावर ठेवायला लावता तिने डोके वाचवले पाहिजे, एवढी हमी त्या सक्तीच्या पाठीशी आहे. ट्रॅक सायकलवाला बांधत नाही, दुरुस्त करत नाही, त्यावरच्या गाड्या उचलून नेऊ शकत नाही. ज्यावर त्याचा काहीच ताबा नाही अशा गोष्टीची सक्ती आणि तिच्या दर्जाची हमी कोणाचीच नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर तो अन्याय होतो.

आणि या अन्यायाची किंमत फार प्रत्यक्ष असते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. हे सायकलस्वार कोण? पहाटे तंग कपड्यांत सिंहगडाच्या दिशेने निघणारे आपल्या डोळ्यांत भरतात, पण रस्त्यावरचा बहुसंख्य सायकलवाला वेगळा आहे. रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन, बांधकामावर जाणारा गवंडी, पेपर आणि दूध टाकणारी मुले, डबा लावून निघालेला कारखान्यातला कंत्राटी कामगार. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. उद्या सक्ती आली आणि असा कामगार ट्रॅकवर टेम्पो उभा होता म्हणून रस्त्यावर उतरला, तिथे त्याला गाडीने उडवले, तर मोटार अपघात न्यायाधिकरणात विमा कंपनीचा वकील पहिला मुद्दा कोणता काढेल? ‘तो रस्त्यावर असायलाच नको होता.’ मृताचाही दोष होता असे ठरले की त्या प्रमाणात भरपाई कापली जाते. ट्रॅकवर टेम्पो उभा करणारा या हिशेबात कुठेच येत नाही. सक्तीच्या विरोधातले मला सर्वांत जड वाटणारे कारण हे आहे.

सक्तीच्या पुढची पायरी बंदीची असते आणि ती आपल्या देशाने पाहिली आहे. कोलकात्यात पोलिसांनी २००८ पासून काही रस्त्यांवर सायकलींना मज्जाव सुरू केला आणि २०१३ मध्ये ही यादी १७४ रस्त्यांपर्यंत वाढवली. दूधवाले, मासेवाले, घरकामाला जाणाऱ्या बायका दंड भरू लागल्या, आंदोलने झाली, नंतर यादी आखडली. त्या शहरात वाहतुकीची कोंडी सायकलींमुळे होत नव्हती.

मग सायकलला कुठेच अटकाव नको का? हवा, जिथे वेगाचा फरक फार मोठा आहे तिथे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकल नेता येत नाही आणि ते योग्यच आहे. सेतू नाही तर माहीम-प्रभादेवीचा जुना रस्ता आहे, द्रुतगती नाही तर जुना महामार्ग आहे. शहराबाहेरच्या ज्या रस्त्यांवर गाड्या ऐंशीच्या वेगाने जातात, तिथे सलग, रुंद, चौकासकट नीट बांधलेला ट्रॅक असेल तर तिथे सक्ती करायला माझीही हरकत नाही. शहराच्या आत मात्र सायकलवाल्याला निवड हवी. शाळेत जाणारी मुलगी ट्रॅक पसंत करील, ताशी ३० ने जाणारा तरुण तिच्या मागे अडकणार नाही आणि तिलाही धास्तावणार नाही, तो रस्त्याने जाईल. दोघांना एकाच पट्ट्यात कोंबण्यात दोघांचाही तोटा आहे.

तुमच्या बाजूचे एक मान्य केलेच पाहिजे. राँग साइडने येणारा, सिग्नल तोडणारा, अंधारात दिव्याशिवाय जाणारा सायकलवाला चुकतोच. एके काळी पुण्यात सायकलला दिवा नसला की पोलीस अडवत आणि चाकातली हवा सोडत, असे जुनी मंडळी सांगतात. मागे एक लाल दिवा, निदान लाल परावर्तक, ही अपेक्षा आजही रास्त आहे. रविवारी सकाळी तिघातिघांनी गप्पा मारत रस्ता अडवणाऱ्यांना आवरायला हवे, हेही खरे. पण या चुकांचा इलाज त्या त्या चुकीवर कारवाई हा आहे. आणि मागून जाताना जीव मुठीत धरावा लागतो म्हणता, तर ब्रिटनच्या वाहतूक संहितेने २०२२ मध्ये एक सोपे माप दिले आहे : सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडा, आणि तेवढी जागा नसेल तर ओलांडू नका. स्वारगेटच्या अलीकडे पुढचा सिग्नल तसाही लाल असतो. तिथे ओलांडून वाचलेले अर्धे मिनिट सिग्नलला उभे राहण्यात जाते.

तुमचा प्रश्न आला आहे तो अगदी वेळेवर. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात दोन तरतुदी आल्या. कलम १३८ (१अ) ने राज्य सरकारला पादचारी आणि बिनमोटारी वाहने यांच्या वावराचे नियम करण्याचा अधिकार दिला, आणि कलम २१०ड ने राष्ट्रीय महामार्ग सोडून इतर रस्त्यांच्या रचनेची व देखभालीची मानके ठरवण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्व राज्यांना या दोन्ही कलमांखालचे नियम सहा महिन्यांत करण्याचे आदेश दिले. पहिल्या कलमातून सायकलवर बंधन येऊ शकते, दुसऱ्यातून ट्रॅकचा दर्जा. पहिले नियम करायला खर्च येत नाही, दुसऱ्यांना येतो, म्हणून पहिले आधी होतील आणि दुसरे रेंगाळतील अशी मला काळजी आहे.

असे नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करणे कायद्याने आवश्यक आहे आणि त्यावर हरकती-सूचना पाठवण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. माझी तुम्हाला विनंती आहे की मोटारवाले म्हणूनच तुम्ही लिहा. दोन मीटर रुंदीचा सलग ट्रॅक, चौकातून पार जाणारा मार्ग आणि ट्रॅकवर गाडी उभी करणाऱ्याला जागच्या जागी दंड, एवढे आधी मागा. हे झाले, की तुमच्या गाडीपुढचे बहुतेक सायकलवाले कोणी न सांगता ट्रॅकवर गेलेले असतील.